उसवलेल्या लोकरीचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम येतात त्या तलवारी, सनदा, मोहरा आणि किल्ल्यांचे तट. आम्ही सातारा-सांगलीकडची माणसे या बाबतीत भाग्यवानच म्हणायची. एकीकडे अजिंक्यतारा, दुसरीकडे कृष्णाकाठचे घाट. साताऱ्याच्या संग्रहालयात जुनी शस्त्रे, औंधच्या डोंगरावर बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी हौसेने जमवलेली चित्रे आणि शिल्पे. ही दालने मी अनेकवार पाहिली आहेत, आणि शाळेतल्या मुलींना रांगेने नेऊन दाखवलीही आहेत. परंतु यांतल्या एकाही दालनात हाताने विणलेला लोकरीचा पायमोजा मला कधी आढळला नाही. बाळाचे टोपडे नाही, कानटोपी नाही, की कोपरावर विरलेला एखादा स्वेटरही नाही.

कोणी म्हणेल, पायमोजा ही काय इतिहासात ठेवायची वस्तू आहे? तेच तपासून पाहावे म्हणून हा लेख लिहायला घेतला आहे.

इतिहासाशी माझा संबंध इतकाच की मी तो तीस वर्षे शाळेत शिकवला. लोकरीशी संबंध त्याहून जुना. माहेर साताऱ्याचे, सासर सांगलीचे; लग्नानंतर आजवरचे आयुष्य सांगली-मिरज रस्त्यावरच्या विश्रामबागेत गेले. आता वयाची पंचाहत्तरी आली, तरी दुपारचा चहा झाला की व्हरांड्यात सुया घेऊन बसते. समोरून जाणारी भाजीवाली हटकून विचारते, "काय ओ काकू, सांगलीत कुणाला थंडी वाजत्या?" तिचे म्हणणे खोटे नाही. सांगलीच्या उन्हाळ्यात लोकर नुसती पाहिली तरी घाम फुटतो. मी तिला सांगते, "अगं, सांगलीत विणलेलं सांगलीतच घालायचं, असं कोण म्हणालं?" ती हसते आणि पुढे जाते. पण उत्तर खरे आहे. आमच्या घरातले विणकाम बहुतेक वेळा दूर असलेल्या माणसासाठीच झाले. समोर नसलेल्या माणसाच्या छातीचे माप आठवून टाके घालायचे, हेच या कामाचे मुख्य कौशल्य.

आता प्रथम शब्दाकडे पाहू. 'विणणे' हे आपल्या भाषेतले मोठे राबते क्रियापद आहे. मागावर लुगडे विणतात, सुतळीने बाज विणतात, कोळी जाळे विणतो, बुरूड टोपली विणतो, आणि आम्ही बायका स्वेटर विणतो. इंग्रजाने या प्रत्येक कामाला निराळा शब्द ठेवला; आपण सगळ्यांना एकाच पंगतीला बसवले. एवढेच नव्हे, तर शेळी-मेंढीच्या विण्यालाही आपण 'वीण'च म्हणतो. मला हे फार समर्पक वाटत आले आहे.

तरीही मागावरचे विणणे आणि दोन सुयांवरचे विणणे यांत एक मूलभूत फरक आहे, आणि तो ध्यानात घेतल्याशिवाय माझे पुढचे म्हणणे कळणार नाही. मागावर उभे धागे वेगळे आणि आडवा धागा वेगळा. ते एकमेकांत अडकतात आणि कापड होते. ते जुने झाले की फाटते, चिंधी होते. तिचे पुन्हा सूत होत नाही. सुयांवरच्या विणकामात धागा एकच. तो स्वतःच्याच फासातून पुढे पुढे जात राहतो. सुलट टाका म्हणजे फास एका बाजूने ओढलेला, उलट टाका म्हणजे तोच दुसऱ्या बाजूने. एवढ्या दोन अक्षरांवर सारी विद्या उभी आहे. म्हणून त्याचे टोक सोडून ओढले, तर आख्खा स्वेटर पुन्हा लोकरीचा गुंडा होऊन हातात येतो. महिनाभराची मेहनत दोन तासांत उसवते. पण धागा मात्र जशाचा तसा शिल्लक राहतो.

मेहनतीचा हिशेब मी एकदा केला होता. मोठ्या माणसाच्या स्वेटरची समोरची बाजू एकशेदहा टाक्यांची आणि दीडशे ओळींची धरली, तर एका बाजूचे टाके होतात १६,५००. मागची बाजू तेवढीच. दोन बाह्यांचे मिळून तेरा हजार. काखेतले आणि गळ्याचे कमी केले, तरी बेरीज ४५,००० च्या आसपास जाते. मिनिटाला पंचवीस टाके या गतीने, मध्ये दूध उतू गेले नाही आणि दारावरची घंटा वाजली नाही असे गृहीत धरले, तर तीस तास लागतात. आता हे गृहीत कोणत्या घरात खरे ठरते, ते वाचक भगिनींना मी सांगायला नको.

दोन सुयांची ही विद्या आपल्याकडे मूळची नव्हे. इजिप्तमधल्या जुन्या अवशेषांत सुती पायमोज्यांचे तुकडे सापडले आहेत, निळ्या-पांढऱ्या नक्षीचे, सुमारे आठ-नऊशे वर्षांपूर्वीचे. तेथून ही कला युरोपात पसरली. इंग्लंडात १५८९ साली विल्यम ली नावाच्या माणसाने पायमोजे विणण्याचे यंत्र केले, तेव्हा एलिझाबेथ राणीने त्याला सनद नाकारली. आपल्याकडे, विशेषतः दक्षिणेत, हे काम पसरले ते एकोणिसाव्या शतकात, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मडमा आणि मिशनरी बायका यांच्या हातून.

याचा अर्थ आमच्या मुलखाला लोकर ठाऊक नव्हती असा मात्र नाही. साताऱ्याचे माण आणि खटाव, सांगलीचे आटपाडी, जत आणि कवठेमहांकाळ हे सगळे पर्जन्यछायेतले, कमी पावसाचे, मेंढरांचे तालुके. जत तालुक्यातल्या माडग्याळ गावाच्या नावाने मेंढीची एक जातच प्रसिद्ध आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास धनगरांचे कळप घाटाच्या बाजूने उतरू लागले की शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतो. लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य देतो. या दख्खनी मेंढीची लोकर काळी-करडी, राठ, आणि वर्षाकाठी एका मेंढीमागे जेमतेम अर्धा किलो. धनगराच्या बायका ती पिंजून तिचे सूत काढीत. सनगर आणि खुटेकर विणकर चिंचोक्याची खळ देऊन खड्ड्याच्या मागावर तिची घोंगडी विणीत. म्हसवडचे घोंगडे आमच्या भागात नावाजलेले. पावसात डोक्यावर खोळ, रात्री अंथरूण, थंडीत पांघरूण, खळ्यावर धान्याची झूल. एक घोंगडे पुष्कळांच्या उपयोगी पडे.

पण हीच लोकर सुयांवर घेऊन अंगालगत घालायचा स्वेटर करू म्हटले, तर तो टोचून जीव नकोसा होतो. यातली मौज पाहा. दारावरून मेंढरांचे कळप जात असताना साताऱ्या-सांगलीच्या बायका ज्या लोकरीवर पोसल्या, ती येई सातासमुद्रापलीकडून. ऑस्ट्रेलियातल्या मेरिनो मेंढीची मऊ लोकर विलायतेत किंवा इकडच्या गिरण्यांत कातली जाई. १८७६ साली निघालेली कानपूरची लाल इमली आणि पंजाबातले धारीवाल ही नावे आमच्या लहानपणी देवादिकांच्या नावांसारखी उच्चारली जात. घोंगड्याची लोकर आणि स्वेटरची लोकर या एकाच गावात राहून एकमेकींशी न बोलणाऱ्या जावांसारख्या राहिल्या.

मडमांच्या सुया आमच्या मुलखात कशा आल्या, तेही पाहण्याजोगे आहे. साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये शहाजीराजे ऊर्फ आप्पासाहेब वारल्यावर खालसा झाले. त्याआधीच, १८२८-२९ च्या सुमारास, गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या पुढाकाराने महाबळेश्वरी माल्कमपेठ वसू लागली होती. साडेचार हजार फूट उंचीवर गोऱ्या लोकांना विलायतेची हवा मिळाली आणि तिच्याबरोबर विलायतेची लोकरही डोंगर चढून वर आली. अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे १८४९ पासून साताऱ्यात होते. मिरजेला १८९४ मध्ये डॉक्टर वॉनलेस यांचे रुग्णालय निघाले. या मंडळींच्या बायका घरोघर जात, मुलींना अक्षरओळख करून देत. घरातली वडीलधारी माणसे अक्षरांना जितकी बिचकत तितकी सुईदोऱ्याला बिचकत नसत. तेव्हा पुष्कळ ठिकाणी आधी लोकर आत गेली, आणि तिच्यामागून हळूच पुस्तक गेले.

त्या काळात बाईने वाचणे किती अवघड होते हे रमाबाई रानडे यांच्या आत्मकथनावरून सर्वांना ठाऊकच आहे. इंग्रजी शिकू लागल्याबद्दल घरातल्याच बायकांनी त्यांना किती बोल लावले, ते त्यांनी कोणावरही राग न धरता लिहून ठेवले आहे. या रमाबाई १८६३ साली जन्मल्या त्या देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांच्या घराण्यात. देवराष्ट्रे तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज सांगली जिल्ह्यात आहे. पुढे १९०९ साली पुण्याचे सेवासदन उभे राहिले. तेथे लिहिण्यावाचण्याच्या जोडीला शिवणकाम आणि हस्तव्यवसाय शिकवीत, ते वेळ घालवण्यासाठी नव्हे. विधवा किंवा टाकलेल्या बाईला चार पैसे स्वतःच्या हाताने मिळावेत म्हणून. मडमांचा विरंगुळा आमच्याकडे येऊन अशा रीतीने कोणाची भाकरी झाला. मुलींच्या शाळांतून विणकामाचा तास आला तो याच वाटेने.

वाचक मनात म्हणतील की यात लढाया कोठे आहेत? त्याही आहेत. किंबहुना विणकामाची निम्मी परिभाषा रणांगणावरून आलेली आहे. १८५३ ते १८५६ या काळात रशियाविरुद्ध क्रिमियाची लढाई झाली. तिथल्या थंडीने इंग्रज शिपाई गारठून मरू लागले, तेव्हा विलायतेतल्या बायकांनी त्यांच्यासाठी विणून पाठवायला आरंभ केला. समोरून उघडणाऱ्या स्वेटरला आपण कार्डिगन म्हणतो, ते त्या लढाईतल्या एका घोडदळ-सरदाराचे नाव. गळ्यापासून तिरप्या निघणाऱ्या बाहीला रॅग्लन म्हणतात, ते तिथल्या सेनापतीचे नाव; वॉटर्लूच्या लढाईत त्याचा उजवा हात गेला होता. आणि आपली घरोघरची माकडटोपी? तिला इंग्रजीत बालाक्लाव्हा म्हणतात. ते तिथल्या एका बंदराचे नाव. २५ ऑक्टोबर १८५४ रोजी तिथे मोठी लढाई झाली. ज्या टोपीवरून आपण आजोबांची चेष्टा करतो, तिला एवढा दांडगा इतिहास आहे.

पहिले महायुद्ध पेटले तेव्हा लढाई साताऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत आली. मराठा पलटणी मेसोपोटेमियात गेल्या. १९१६ च्या एप्रिलअखेर कुतचा वेढा संपून फौज शरण गेली, त्यात आमच्या बाजूचे पुष्कळ शिपाई होते. साताऱ्याजवळचे अपशिंगे गाव, ज्याला आज लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणून ओळखतात, त्या एका गावाचे ४६ जवान या महायुद्धात कामी आले. गावात त्यांच्या स्मरणाचा शिलालेख आहे. मुंबई इलाख्यात त्या काळी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने बायकांची मदत-शाखा निघाली होती. शिपायांसाठी कपडे आणि मोजे तयार करून पाठवीत. शिलालेख आजही वाचता येतो. मोजे कोठे गेले? ते पायांत गेले आणि पायांतच संपले.

१९६२ ची गोष्ट मात्र मी ऐकीव सांगत नाही. त्या वर्षी मी बारा वर्षांची होते. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला, आणि आठवडाभरातच दिवाळी आली. फटाके वाजवायचे नाहीत असे आमच्या आळीतल्या मुलांनीच ठरवले. बर्फातल्या ठाण्यांवर आपले जवान सुती गणवेशात आणि कापडी बुटांत लढत आहेत, अशा बातम्या येऊ लागल्या. बायकांनी संरक्षण निधीला बांगड्या दिल्या, मंगळसूत्रे दिली. ज्यांच्याकडे सोने नव्हते त्यांनी लोकर काढली. देशभर विणकामाची एक लाटच उसळली. शाळेत शिवणाच्या बाई आम्हांला हातमोजे शिकवू लागल्या. चार बोटे एकत्र आणि अंगठा वेगळा, हे आम्हांला येत होते. बाई म्हणाल्या, "नाही गं मुलींनो, पहिलं बोटही वेगळं ठेवायचं. बंदुकीचा चाप ओढायला ते मोकळं लागतं." मला आठवते, वर्गात एकदम शांतता झाली होती. तोवर आम्ही हातमोजे विणत होतो. त्या क्षणापासून एका माणसाचा हात विणू लागलो.

नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले, आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला हे वाक्य महाराष्ट्रात घरोघर झाले. यशवंतरावांचा जन्म १९१३ चा, देवराष्ट्र्याचा, रमाबाईंच्याच गावचा. राजकारणात त्यांचे घर कऱ्हाडचे. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे दक्षिणेकडचे तालुके आणि सांगली, मिरज, जत वगैरे संस्थाने मिळून 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला. १९६० साली त्याचेच नाव सांगली पडले. म्हणजे माझे माहेर आणि सासर हे मुळात एकाच वस्त्राचे दोन तुकडे. मुंबईचा मुख्यमंत्री दिल्लीला गेला ही मोठ्यांची बातमी होती. आमच्या आळीची बातमी अशी होती की दुकानातली हिरवी लोकर संपली.

ती मिळणार तरी कोठून? परदेशी चलनाच्या टंचाईमुळे १९५७ नंतर आयातीवर कडक बंधने आली होती. तेव्हा आमच्या आत्याने पेटी उघडली आणि घरातले स्वेटर एकामागून एक उसवायला घेतले. उसवण्याचे काम सुद्धा शिकावे लागते. प्रथम शिवण सोडायची, मग गळ्याकडून ओढत यायचे, कारण विणकाम ज्या बाजूने संपले तिकडूनच ते सुटते. निघालेली लोकर खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून तिची लडी करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, रिठ्याच्या कोमट पाण्यात बुचकळायची आणि खाली तांब्या बांधून सावलीत टांगून ठेवायची. तांब्याच्या ओझ्याने धाग्याचे कुरळेपण जाते. मग कोणाला तरी दोन्ही हात पुढे करून बसवायचे आणि त्या हातांवरून गुंडा करायचा. आत्याचे यजमान कचेरीत मोठे कडक म्हणून प्रसिद्ध होते. पण संध्याकाळी मी त्यांना लोकरीची लडी हातांत घेऊन निमूटपणे बसलेले पाहिले आहे.

हे केवळ युद्धकाळातच चाले असे नाही. मध्यमवर्गाच्या घरात एकच लोकर दोन-तीन पिढ्या फिरे. वडिलांचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर कोपरावर झिजला की उसवून मुलाचा बिनबाह्यांचा होई. तो आखूड झाला की खाली नव्या रंगाची दोन इंच पट्टी वाढे. पट्ट्या मोजून पोराची इयत्ता सांगता येत असे. पुढे त्यातूनच बाळाचे मोजे निघत. नमुने हातोहात फिरत. किर्लोस्करवाडी हे आमच्याच बाजूचे खेडे. तिथून १९३० साली 'स्त्री' मासिक निघाले आणि बायकांच्या हातांत वाचायला स्वतःचे असे काही आले. पुढे बायकांच्या मासिकांतून विणकामाचे नमुने येऊ लागले, तेव्हा 'दोन सुलट, दोन उलट, एक टाका न विणता उचला' ही भाषा घरोघर कळू लागली. फार शाळा न शिकलेल्या माझ्या सासूबाई असा नमुना एकदा वाचून चाळीस टाक्यांची आवर्तने मनात धरीत. बीजगणित याहून वेगळे काय असते?

आता एका स्वेटरविषयी सांगते. आमच्या वाड्यात एक काकू राहत. उसवण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. आळीतले जुने स्वेटर त्यांच्याकडेच येत. त्यांचा मुलगा लष्करात होता. त्या दिवाळीच्या आधी त्यांनी त्याच्यासाठी गर्द हिरवा स्वेटर पुरा केला, पांढऱ्या कापडात शिवला, लाख लावून टपालाने पाठवला. माघ महिन्यात ते पार्सल परत आले. वर निळ्या शाईने काही लिहिले होते. मुलगा बेपत्ता असल्याचे पत्र आधी आले होतेच.

काकू पुढे पुष्कळ वर्षे जगल्या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला आणि साताऱ्यात आम्ही कित्येक रात्री उघड्यावर काढल्या, तेव्हा त्यांनी घरातले सगळे गरम कपडे वाटून टाकले. स्वतःची शालही दिली. ते पार्सल मात्र त्यांनी फोडले नाही. त्या गेल्यावर पेटीच्या तळाशी ते तसेच निघाले, लाखेसकट. त्या वाड्यातल्या शेकडो विणकामांतले पूर्ण शाबूत राहिलेले तेवढे एकच.

इतिहासाची शिक्षिका म्हणून या पार्सलाने मला जे शिकवले ते कोणत्याही ग्रंथाने शिकवले नाही. टिकलेल्या वस्तूंवरून आपण इतिहास लिहितो. परंतु लोकरीच्या बाबतीत टिकणे म्हणजे वापरात न येणे. ज्या स्वेटरने आपले काम केले, तो विरला, उसवला, दुसऱ्याच्या अंगावर गेला, शेवटी पायपुसणे होऊन संपला. जो घालायला माणूस उरला नाही, तोच शाबूत राहिला. तेव्हा संग्रहालयात पायमोजा नाही, याचे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. तो नाही याचा अर्थ कोणाचे तरी पाय उबेत राहिले. मात्र वस्तू नाही म्हणून ते काम झालेच नाही असे समजणे, ही इतिहासकाराची दृष्टी नव्हे. तीस-तीस तासांची ती मेहनत कोणत्याही जमाखर्चात आलेली नाही. 'बायका रिकाम्या बसल्या की विणतात' एवढ्या एका वाक्यात तिची बोळवण झाली. रिकामे बसणे म्हणजे काय, हे त्या वाक्याच्या कर्त्याला एकदा लडी धरायला बसवून दाखवावेसे वाटते.

आज काळ बदलला, याविषयी मी रडगाणे गाणार नाही. यंत्रावरचा स्वेटर बाजारात लोकरीच्या दरापेक्षा स्वस्त मिळतो. लोकर म्हणून जे घेतो ते बहुधा ॲक्रिलिक असते. धुवायला सोपे, टोचत नाही, कसर लागत नाही. माणदेशातल्या धनगराची स्थिती अधिक बिकट आहे. कातरणीची मजुरीही सुटत नाही म्हणून मेंढीची लोकर पुष्कळदा फेकून दिली जाते. ज्या लोकरीवर पिढ्या निजल्या, तिला आज गिऱ्हाईक नाही. तिच्यातून नव्या वस्तू करण्याचे प्रयत्न काही तरुण मंडळी करीत आहेत. त्यांना यश यावे.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाशी ५७ फुटांवर चढले, निम्मे शहर पाण्यात गेले. विश्रामबागेकडच्या उंच भागातल्या घरांतून आणि शाळांतून माणसे आसऱ्याला आली. भिजलेल्या पोरांसाठी मी पेटी रिकामी केली. सांगलीच्या मुलांनी सांगलीत, तेही श्रावणात, स्वेटर घातले. दुसऱ्या आठवड्यात भाजीवाली आली. तिच्या कडेवर नात होती आणि नातीच्या डोक्यावर माझे पिवळे टोपडे. तिने टोपड्याकडे बोट केले आणि म्हणाली, "काकू, थंडी वाजत्या बगा हितंबी." आम्ही दोघी पोटभर हसलो.

माझी धाकटी नात परदेशात शिकते. मागच्या थंडीत तिने फोनवर चित्र दाखवून विचारले, "आजी, ही टाच कशी वळवायची?" तिकडे तिच्या वर्गातल्या मुलीही विणतात म्हणे. मी इकडून सुया धरून दाखवल्या, तिने तिकडून. मध्ये दहा हजार मैलांचे अंतर आणि वीण एकच. तिला मी पायमोज्याची टाच शिकवली, तशी उसवण्याची रीतही शिकवली. तिच्यापाशी आता आहे ती लोकर माझ्या एका जुन्या शालीची आहे, मूळची कानपूरची.

दिवाळीची पहिली आंघोळ झाली की साताऱ्याकडे थंडी पडू लागते, आणि माळ्यावरच्या पेट्या खाली येतात. डांबराच्या गोळ्यांच्या वासातून एखादा जुना स्वेटर निघतो. या वर्षी तो हाती आला, तर घरातल्या वडील माणसांना एवढेच विचारा की हा कोणी विणला, कोणासाठी, आणि त्याच्याही आधी ही लोकर कोणाच्या अंगावर होती. उत्तर मिळाले तर एका कागदावर लिहून त्याच पेटीत ठेवा. आणि स्वेटर मात्र पेटीत ठेवू नका. ज्याला बसेल त्याला घालू द्या; कोणालाच बसत नसेल तर गळ्याकडून टोक सोडवा आणि घरातल्या कोणाला तरी हात पुढे करून समोर बसवा.